'एल पोयो लोको' नक्की कोणाचं? एका वाचकाच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. 'एल पोयो लोको' या जाळावर भाजलेल्या कोंबडीच्या दुकानांच्या साखळीवर, म्हणजे चेनवर, मी लेख लिहिला होता. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सकाळपासून तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पंचेचाळीस वर्षांत पाचशेच्या आसपास दुकानं, तीही बहुतेक कॅलिफोर्नियात, याला मी 'वाढ' म्हणत असेन तर चिपोटले या मेक्सिकन पदार्थांच्या मोठ्या अमेरिकी चेनला काय म्हणणार? शिवाय ती सुरू करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबाने अमेरिकेतली दुकानं तीन वर्षांतच विकली, मग ही मेक्सिकन चेन कसली? आणि ते मिसळीचं उदाहरण: उद्या परदेशी कंपनीने कोल्हापुरातलं मिसळीचं दुकान घेतलं, पाटी तीच ठेवली, तर मिसळ कोल्हापुरी राहील का?

आधी माझी चूक कबूल करते. मूळ लेखात मी विक्रीची गोष्ट अर्ध्या वाक्यात उरकली होती. तसं करायला नको होतं. हुआन फ्रान्सिस्को ओचोआ यांनी ६ जानेवारी १९७५ रोजी मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातल्या ग्वासावे गावात पहिलं दुकान काढलं. १९७९ पर्यंत उत्तर मेक्सिकोतल्या वीस शहरांत ८५ दुकानं झाली. ८ डिसेंबर १९८० ला लॉस एंजेलिसच्या अल्व्हाराडो स्ट्रीटवर अमेरिकेतलं पहिलं दुकान उघडलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला व्यवसाय डेनीज या अमेरिकी रेस्टॉरंट कंपनीकडे गेला. मेक्सिकोतली दुकानं कुटुंबाकडेच राहिली. पण पुढे १९९६ च्या करारात मेक्सिकोतल्या नावाचा हक्कही अमेरिकी कंपनीला मिळाला. त्या बदल्यात तिने मेक्सिकोत दुकानं वाढवायची होती. ती वाढली नाहीत. कुटुंबाच्या कंपनीने २००४ मध्ये दावा लावला आणि २००७ मध्ये ज्यूरीने दोन कोटी डॉलरहून अधिक भरपाई त्यांच्या बाजूने दिली. ज्यांनी नाव जन्माला घातलं त्यांना स्वतःच्याच देशातल्या त्या नावासाठी कोर्टात जावं लागलं. हे मी लिहायला हवं होतं. मूळ लेखात आज हा भाग घातला आहे.

पण 'पाचशे म्हणजे वाढच नाही' हे मला अजिबात मान्य नाही. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते लेखाचा खरा विषय हाच होता.

चिपोटले १९९३ मध्ये डेन्व्हरला सुरू झालं. १९९८ मध्ये मॅकडॉनल्ड्सने त्यात पैसे घातले तेव्हा दुकानं पंधरा-सोळा होती. २००६ मध्ये दोघं वेगळे झाले तेव्हा पाचशेच्या घरात. पाठीशी जगातली सर्वांत अनुभवी कंपनी होती, हे एक. दुसरं म्हणजे पदार्थाची घडण. भात, घेवडा, मांस, साल्सा ओळीने मांडून ठेवलेलं असतं, गिऱ्हाईक सांगत पुढे सरकतं, पलीकडचा मुलगा भरत जातो. बार्बाकोआ आणि कार्नितास हे मंद शिजवलेल्या मांसाचे प्रकार तर बाहेरच्या मोठ्या स्वयंपाकघरात शिजवून दुकानात येतात. टॅको बेलचं गुपितही असंच. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोला टॅको बेलचे संस्थापक ग्लेन बेल यांचा गाडा १९३७ पासूनच्या मित्ला कॅफे या मेक्सिकन खाणावळीसमोर होता. तिथले टॅको खाऊन, पाहून ते शिकले. त्यांनी भर घातली ती टॅकोचं कवच आधीच तळून ठेवायची, म्हणजे गिऱ्हाईक आल्यावर फक्त भरायचं. १९६२ मध्ये डाउनीला पहिलं टॅको बेल निघालं, आणि १९७८ मध्ये पेप्सिकोने ते घेतलं तेव्हा दुकानं आठशेच्या वर गेली होती.

आता सिनालोआची कोंबडी बघा. ती मधोमध चिरून उघडी पसरतात, लिंबूवर्गीय फळांचा रस, लसूण आणि मसाले लावून मुरवतात आणि उघड्या जाळावर हाडासकट भाजतात. हाडाशी कच्ची राहता कामा नये आणि वरून करपता कामा नये. त्यासाठी तासाभराच्या आसपास वेळ लागतो, म्हणून संध्याकाळी सहाला येणाऱ्या माणसाची कोंबडी पाचला जाळीवर चढवावी लागते. अंदाज कमी पडला तर रांग खोळंबते, जास्त झाला तर मांस सुकतं. जाळीपाशी उभ्या माणसाला हे नजरेने कळावं लागतं. मी इथल्या दुकानात काचेपलीकडच्या त्या माणसाला पुष्कळदा पाहिलं आहे: चिमट्याने उलटतो, कडेला सरकवतो, परत आत ओढतो, एकदाही घड्याळाकडे बघत नाही. हे दोन दिवसांच्या शिकवणीत येत नाही, आणि ते हजारो दुकानांत उभं करणं सोपं नाही. ही चेन त्या जाळीला धरून वाढली, म्हणून तिची चाल सावकाश आहे.

अल्व्हाराडो स्ट्रीटची जागाही महत्त्वाची. मॅकआर्थर पार्कचा तो भाग. मेक्सिकोतून आलेली माणसं तिथे होतीच, त्याच सुमाराला एल साल्वाडोरमधल्या यादवीतून पळून आलेली कुटुंबंही येऊ लागली. त्यांना हे चिकन काय असतं ते समजावून सांगावं लागलं नाही. जिथे समजावून सांगायची वेळ आली तिथे चेन अडखळली. अमेरिकेच्या पूर्वेकडे केलेले प्रयत्न टिकले नाहीत, टेक्सासमध्येही काही दुकानं बंद करावी लागली. २०१४ च्या जुलैमध्ये एल पोयो लोकोचा शेअर १५ डॉलरला विक्रीला आला आणि पहिल्याच दिवशी २४ च्या वर बंद झाला. त्या दिवशी बाजाराने तिच्यात पुढचं चिपोटले पाहिलं. ती अपेक्षाच चुकीची होती असं मला वाटतं, आणि तुमच्या प्रतिक्रियेत मला तीच अपेक्षा दिसते.

पुण्यात टॅको बेल मिळतं आणि हे मिळत नाही, हे तुम्ही पुरावा म्हणून दिलंत. पण टॅको बेलने १९९२ मध्ये मेक्सिको सिटीत आणि २००७ मध्ये मोंतेरेत दुकानं काढली, आणि दोन्ही वेळा त्याला माघार घ्यावी लागली. ज्यांचा पदार्थ, त्यांच्याच गावात तो चालला नाही. एल पोयो लोको आधी मेक्सिकोत ८५ दुकानं चालवून मग सीमा ओलांडून आलं. माझ्यासाठी हा फरक दुकानांच्या संख्येपेक्षा मोठा आहे.

राहिली तुमची मिसळ. मालक बदलला, पण कट रोज सकाळी त्याच पद्धतीने होत असेल आणि करणारे हात त्याच मातीतले असतील, तर मी तिला कोल्हापुरीच म्हणेन. नफा मात्र कोल्हापूरच्या बाहेर गेला, हेही त्याच दमात म्हणेन. एल पोयो लोकोबद्दल दोन्ही खरं आहे. मी पहिलंच लिहिलं, तुम्ही दुसरं लक्षात आणून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

शेवटी तुम्ही विचारलंत की डिसेंबरमध्ये मुलाकडे लॉस एंजेलिसला येणार आहात, तेव्हा तिथे काय मागवावं. बरिटो आणि सॅलडच्या वाटेला जाऊ नका. तंगडी आणि मांडीचा भाग घ्या, सोबत टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या, मागा. मांस हाताने सोडवा, टॉर्टियात घाला, वर साल्सा आणि लिंबू. आणि जमलं तर जाळी दिसेल असं टेबल पकडा.