ताईची सायकल

ताईचा पुण्याहून फोन आला तेव्हा मी धक्क्यावर बसून ओल्या दोराची वेटोळी घालत होते. होडी बांधून झाली होती आणि बाकीचे तिघे थर्मासमधली उरलेली कॉफी संपवत होते. ताई एरवी आधी जेवलीस का विचारते, मग तब्येतीचं. त्या दिवशी थेट म्हणाली, "अगं, सोसायटीत सायकल स्टँड काढायचा ठराव आलाय. चार गाड्यांची जागा होते म्हणे. मी एकटीच विरोधात बोलले."

ताई ७१ वर्षांची, मी ६८. ती पुण्यात आणि मी गेली ३४ वर्षं नेदरलँड्समध्ये, होर्न नावाच्या जुन्या बंदराच्या गावात.

चेअरमन सभेत काय बोलले तेही तिने सांगितलं. स्टँडमध्ये चौदा सायकली आहेत. त्यातल्या अकरा हवा गेलेल्या, गंज चढलेल्या. उरलेल्या तीन बऱ्या अवस्थेत, त्यातल्या दोन मुलांच्या आणि एक ताईची. आणि ताईचीही वर्षभर जागची हललेली नाही. यातलं काहीही खोटं नाही. गेल्या वर्षी एका वळणावर दुचाकीचं हँडल ताईच्या कोपराला लागलं, ती पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी माझ्या भाच्याने तिच्या सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. मुलगा गुणी आहे. आईवर जीव आहे म्हणूनच त्याने ते केलं. मला त्या किल्लीबद्दल लिहायचं आहे.

दर डिसेंबरात मी पुण्याला जाते तेव्हा म्हातारपणाबद्दल दोनच प्रश्न कानावर पडतात. सांभाळायचं कोणी, आणि वृद्धाश्रम चांगला की वाईट. आईवडिलांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा आला, तो हवाच होता. ज्यांना स्वतःच्या घरातून बाहेर काढलं जातं त्यांना दुसरा आधार नाही. पण या सगळ्या बोलण्यात म्हातारं माणूस कायम कोणाच्या तरी पदरात असतं. सकाळी उठल्यावर त्या माणसाला कशाने बरं वाटतं, हे विचारायची वेळच येत नाही. फार तर तीर्थयात्रा. म्हणून मला एसटीची सवलत मनापासून आवडते. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात कुठेही फुकट प्रवास. कुठे जाता, कशाला जाता, कोणी विचारत नाही. ताई आत्ता अर्ध्या तिकिटावर मैत्रिणींबरोबर गणपतीपुळ्याला जाऊन आली आणि पंचाहत्तरीची वाट बघते आहे. माझ्या माहितीत ७५ वर्षांची होण्याची वाट बघणारी ती पहिलीच बाई!

आम्ही दोघी सायकल शिकलो त्या नारायण पेठेत, तासाला चार आणे भाड्याने आणलेल्या सायकलीवर. आधी हाफ पायडल, मग नळीवरून. डबलसीट गेलं की पोलीस अडवायचा. अंधारात डायनॅमो पेटत नसला तर चाकाची हवा सोडायचा आणि मग सायकल घरापर्यंत ढकलत न्यायची. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली, आणि कॉलेजच्या स्टँडमधून आपली सायकल शोधून काढायला दहा मिनिटं लागायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते उगाच नव्हे. हे मी आठवणींच्या हौसेपोटी लिहीत नाही. "तिकडचं वेगळं, त्यांच्या रक्तातच सायकल आहे," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की पुण्याच्या रक्तात काय होतं हे एकदा सांगायला हवं होतं.

आणि डच माणसाच्या रक्तातही काही वेगळं नाही. पन्नास आणि साठच्या दशकांत इथेही मोटारींसाठी रस्ते रुंद झाले, सायकली कडेला गेल्या. १९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आयाबाप रस्त्यावर उतरले, "मुलांच्या हत्या थांबवा" असं चळवळीचं नावच होतं. १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, आणि मोकळ्या रस्त्यांवर लोकांनी सायकली काढल्या. पुढची वीस-तीस वर्षं भांडून, पैसे ओतून आजचे मार्ग झाले. मी आले तेव्हा ते बरेचसे तयार होते. मला आयते मिळाले.

पुण्यातही सायकलचे ट्रॅक झाले, २०१७ मध्ये अख्ख्या शहराचा सायकल आराखडाही झाला. पण ट्रॅकवर विजेची पेटी, पुढे हातगाडी, त्यापुढे लावलेल्या दुचाकी. मग कोणी वापरत नाही, म्हणून ट्रॅकच नकोत असं म्हणायला मोकळं. ताईच्या सोसायटीतला वाद हाच आहे. रस्ता धड नाही म्हणून सायकली पडून, आणि सायकली पडून म्हणून स्टँड काढा.

आता पडण्याबद्दल. भाचा म्हणतो, "मावशी, तुमच्याकडे कोणी पडत नाही." पडतात. २०१७ साली इथे पहिल्यांदाच मोटारीतल्या माणसांपेक्षा सायकलवरची माणसं जास्त मेली, २०१ विरुद्ध २०६. मरणाऱ्या सायकलस्वारांत मोठा वाटा आमच्या वयाच्या माणसांचा असतो, आणि विजेच्या सायकलींचा वेग त्यात भर घालतो. हे आकडे घेऊन कोणीही म्हाताऱ्यांच्या सायकलींना कुलूप घालू शकलं असतं. इथे त्यांनी "दोरट्रापन" नावाचा कार्यक्रम काढला. अर्थ, पायडल मारत राहा. शंभरीपर्यंत सुरक्षित सायकल चालवा. मी त्याच्या एका सकाळच्या वर्गाला गेले आहे. सीट दोन बोटं खाली घ्या, म्हणजे थांबल्यावर दोन्ही पाय पूर्ण टेकतील. मधली नळी खाली असलेली सायकल घ्या, पाय उचलायला नको. मान मागे वळत नसेल तर आरसा लावा. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा सायकलवर चढण्या-उतरण्याचाच सराव तासभर करत होते आणि शिकवणारी मुलगी एकदाही "पुरे आता" म्हणाली नाही. गावागावांत सायकल मार्गाच्या मधोमध रोवलेले खांब काढून टाकतात तेही याचसाठी, कारण नजर अधू झाल्यावर ते खांबच दिसत नाहीत.

होडी मी फार उशिरा शिकले, ५५ व्या वर्षी. पोहणं येत होतं, टिळक तलावाची कृपा. आमच्या गावासमोरचं पाणी पूर्वी समुद्राचं होतं. १९३२ मध्ये ३२ किलोमीटरचा बांध घालून त्यांनी समुद्र बाहेर ठेवला, आतलं पाणी हळूहळू गोडं झालं, आणि पुढे आणखी एका बांधाने त्याचे दोन भाग केले. आमचा भाग मार्करमेर. पाणी उथळ, त्यामुळे वारा उठला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी. चौघांत मिळून एक जुनी आठ मीटरची होडी आहे. एक निवृत्त सुईण, एक शाळामास्तर, एक सुतार आणि मी.

परवा मार्कनच्या दीपगृहापासून परतताना नैर्ऋत्येचा वारा वाढला. अशा वेळी शीड कमी करायचं असतं. डोलकाठीपाशी जाऊन शीड हातभर खाली घ्यायचं, खालचा पट्टा गुंडाळायचा आणि ठरलेल्या भोकांतून दोऱ्या ओवून बांधायचा. माझा तोल अजून चांगला आहे म्हणून काठीपाशी मी जाते. सुताराचे गुडघे गेलेत, पण मनगट पक्कं. तो सुकाणू धरतो आणि होडीचं नाक वाऱ्यात ठेवतो. सुईणीची बोटं अजून कुठलीही गाठ सोडवतात. मास्तरांची नजर सगळ्यांत लांब पोचते. वाऱ्यात शीड फडफडत असतं, कानाशी मोठा आवाज, दोरी ओली आणि गार, आणि त्या चार मिनिटांत दुसरा कुठलाही विचार डोक्यात शिरत नाही. मग पट्टा बांधून होतो, होडी सरळ होते, आणि कोणीतरी चिवड्याचा डबा उघडतं. तो मी दिवाळीला करते, पण त्यांना वर्षभर लागतो.

या वयात हे शोभतं का, असं मला एका नातेवाइकांनी विचारलं होतं. त्यांना मी व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींबद्दल सांगितलं. निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. एकट्या भारतीयाने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास त्यांचा. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' ही होडी बांधली, आणि नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून एकटे २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघून पुढच्या मे महिन्यात परत आले. तेव्हा आवटींनी ऐंशी ओलांडली होती. ७२० किलोमीटरचा किनारा आम्ही शाळेत घोकला, आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं इतिहासात वाचली, पण निवृत्त शिक्षिकेला होडी हाकायला शिकायचं असेल तर महाराष्ट्रात जावं कुठे? धरणं आहेत, खाड्या आहेत, कोळीवाड्यांत वारा ओळखणारे तांडेल आहेत. मला वाटतं ही सोय करायला फार पैसा नको.

पैशाचं मी टाळत नाही. इथल्या सरकारी पेन्शनमध्ये राहिलेल्या दर वर्षाचे दोन टक्के जमा होतात, त्यामुळे मला पूर्ण मिळत नाही, तरी दर महिन्याला येतं. आपल्याकडे लाखो म्हाताऱ्यांना काहीच येत नाही आणि हात चालतो तोवर काम करावं लागतं. त्यांच्यासमोर होडीच्या गप्पा मारताना मला अवघड वाटतं. पण ताईची सायकल जुनीच आहे आणि संभाजी बागेतला बाक फुकट आहे.

त्या बाकाबद्दल सांगायला हवं. रोज संध्याकाळी तिथे पाच बायका जमतात. कोणी कोणाला आधी विचारत नाही. जी आली नाही तिला फोन जातो. ताईचं मनगट मोडलं तेव्हा दीड महिना त्यांच्यातल्या कोणी ना कोणी येऊन तिची वेणी घालून देत होत्या. इथे असं नाही. इथे शेजारणीकडे चहाला जायचं तर तीन आठवड्यांनंतरची तारीख डायरीत पडते. नवरा गेला त्या हिवाळ्यात सलग चार दिवस माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता, कारण बोलायला कोणी नव्हतं. परदेशात म्हातारे एकटे पडतात असं पुण्यात म्हणतात तेव्हा मला ते खोडता येत नाही. आम्ही चौघांनी त्यावर एक उपाय केला, गुरुवार. एप्रिल ते ऑक्टोबर होडी, बाकीचे महिने सायकल. चौकाचौकांत आकड्यांच्या पाट्या आहेत. चार आकडे कागदावर लिहायचे आणि त्या क्रमाने जायचं. होडीचा आमचा आधीचा चौथा भागीदार वारला. त्या मोसमात त्याची जागा आम्ही रिकामी ठेवली. पुढच्या वर्षी मास्तर आले. गुरुवार कोणीही चुकवत नाही, दवाखान्याची वेळसुद्धा गुरुवारची घेत नाही. ताईच्या बाकाची सर त्याला नाही, पण माझे दिवस त्याने उभे धरले आहेत.

म्हणून त्या किल्लीचं मला इतकं लागलं. जे मला अर्धं आयुष्य घालवून जमवावं लागलं ते ताईकडे आहेच, माणसं आहेत. तिला फक्त सकाळी सायकल काढून दूध आणायचं होतं, मंडईत जायचं होतं. तेवढं आपल्या मनाने करायचं होतं.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, रस्ता तुझ्याकडचा नाही." मी म्हटलं, रस्त्याचं तुझं अगदी बरोबर आहे, त्यासाठी तूच नगरसेवकाकडे जा, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. पण किल्ली आईची आहे. कर्वे रस्त्याने जायचं की मागच्या गल्ल्यांनी, सहाला निघायचं की नाहीच निघायचं, ते ती ठरवेल. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुन्हा पडली तर?" मी म्हटलं, तर आपण दोघं धावू, गेल्या वेळी धावलो तसे. याहून चांगलं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

सोसायटीचा ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. दरम्यान ताईने पंक्चरवाल्याला बोलावून त्या अकरांपैकी चार सायकली दुरुस्त करून घेतल्या, मालकांना विचारून. काल तिचा मेसेज आला. डिसेंबरात येताना हँडलला लावायचा आरसा आण. उजव्या बाजूचा बघ. तुमच्याकडे डावीकडे लावतात, तो मला चालायचा नाही.