बंडूच्या वाटीतला दुतोंड्या मारुती

आमचा बोका बंडू मोरीत बसला होता. बसला म्हणजे बसलाच. शेपटी ताठ, चेहऱ्यावर अग्रलेख लिहिणाऱ्याचं गांभीर्य, आणि अर्ध्या तासाच्या तपश्चर्येनंतर फरशीवर गुलाबीसर चार थेंब. आण्णा म्हणाले, बद्धकोष्ठ. सासूबाई म्हणाल्या, नजर. ह्यांनी मोबाइलमधून डोकं वर न काढता सांगितलं, "बसू दे की, त्याला गार वाटत असेल."

शेवटी मीच त्याला पिशवीत घालून पंचवटीतून गंगापूर रोडच्या डॉक्टरांकडे नेलं. एक्स-रेत मूत्राशयात साबुदाण्याएवढे दोन पांढरे दाणे. लघवी अल्कधर्मी, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले स्फटिक थेट शवपेटीच्या झाकणासारखे. ही उपमा माझी नाही, डॉक्टरांची. त्यांना ती फार आवडत असावी, दोनदा सांगितली.

"स्ट्रुव्हाइट असावेत," ते म्हणाले. "मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट. हे खाण्यानं विरघळतात. कॅल्शियम ऑक्झलेटचे असते तर विरघळले नसते, कापून काढावे लागले असते."

"असावेत म्हणजे?"

"महिनाभर पथ्याचं खाणं द्या. खडे लहान झाले तर स्ट्रुव्हाइट."

म्हणजे आधी औषध, मग रोगाचं नाव. वर एक धमकी: बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, खडा अडकून थेंबही येईनासा झाला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोनला उठवायचं.

परतताना होळकर पुलावर रिक्षावाल्याला पिशवीतलं रडणं ऐकवेना. "ताई, बाळाला काय झालंय?"

"मुतखडा."

त्यानं आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घर येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

खरी अडचण घरी होती. आण्णांना स्वतःला मुतखडा होऊन गेलेला, त्यामुळे या विषयात ते स्वतःला एमडी समजतात. "कुळथाचं कढण दे. माझा त्यानंच पडला." मी म्हटलं, आण्णा, माणसांचे खडे बहुतेक ऑक्झलेटचे, याचे वेगळे. आपला खडा बोक्याच्या खड्याहून वेगळ्या जातीचा निघाल्याचं त्यांना समाधान वाटलं की अपमान, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ओट्यावर कुळीथ भिजत होते. ते आम्ही खाल्ले.

पथ्याचं अन्न ओलं, डब्यातलं. एका डब्याच्या पैशांत दोघांची मिसळ होते, वर पापड. त्यात मॅग्नेशियम-फॉस्फरस मोजून मापून, लघवी आम्लधर्मी होईल असं बेतलेलं. अट एकच: याखेरीज काहीही नाही. एक घासही नाही.

ही अट बंडूनं पाळली. घरानं पाळली नाही. चौथ्या दिवशी त्याच्या मिशांना साय दिसली. सासूबाई म्हणाल्या, "मी नाही बाई." मग म्हणाल्या, "बोटभरच." मग म्हणाल्या, "आजारी जीवाला दूधपोळीही द्यायची नाही, हे कुठलं शास्त्र?" शेजारच्या वहिनी तर गॅलरीतून सुके बोंबील टाकताना पकडल्या गेल्या. तिथे माझा आवाज चढला, हे कबूल करते.

दुसरं कलम पाण्याचं. मांजराचे पूर्वज वाळवंटातले, त्याला तहानच कमी, म्हणून लघवी दाट आणि दाट लघवीत खडे. लघवी पातळ करायची म्हणजे पाणी पाजायचं. घरात पाच वाट्या मांडल्या. आण्णांनी देखरेख अंगावर घेतली. गोदेचा पूर नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात, तसा त्यांनी काचेच्या वाटीवर मार्करनं मारुती काढला. रोज सकाळी बुलेटिन: "आज कमरेपर्यंत." "आज गुडघ्यावर आलंय!" बंडू वाळूच्या ट्रेकडे वळला की आतून आरोळी यायची, "गंगापूर धरणातून विसर्ग सुरू!" मग मी जाऊन वाळूत लघवीनं झालेले गोळे मोजायचे. लिंबाएवढा, आवळ्याएवढा. डॉक्टरांसाठी त्यांचे फोटोही काढायचे. भिशीत पैठणीचा फोटो दाखवताना माझं बोट एक फोटो पुढे सरकलं, त्यानंतर तिथे कुणी माझ्या हातचा लाडू उचललेला नाही.

दहा दिवस मारुती रोज पायांपर्यंत उघडा पडत होता आणि आम्ही खूश होतो. मग एके सकाळी सासूबाई ती वाटी जास्वंदीत ओतताना दिसल्या. "शिळं पाणी जीवाला कशाला?" बंडू पाणी पीत होता ते न्हाणीतल्या गळक्या नळाखाली, जीभ वाकडी करून. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला मी दारातूनच परत पाठवलं.

महिन्यानं पुन्हा एक्स-रे. एक दाणा गायब, दुसरा मोहरीएवढा. म्हणजे स्ट्रुव्हाइटच. हा गेला तरी पुढे काही आठवडे पथ्य चालूच ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी नवस फेडायचा ठरवला. तो कधी बोलल्या होत्या ते आम्हाला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात आण्णांच्या पाठीत कळ आली. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी प्या, भरपूर. मी त्यांच्या पाण्याच्या काचेच्या जगावर मार्करनं मारुती काढला आणि संध्याकाळपर्यंत पायांवर आणायचा, असं बजावलं. साडेपाचला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आण्णा जग घेऊन गॅलरीत उभे होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि जास्वंदीकडे वळले. कठड्यावर बसलेल्या बंडूनं सगळं पाहिलं, पण तो काही बोलला नाही.