एक ड्रेन उघडल्याने ट्रॅव्हल ट्रेलर रिकामा होत नाही

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला दीर्घकाळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा : ट्रेलरच्या पोटाखाली एक ड्रेन असतो, तो उघडावा, टाकी, पाइप आणि गीझर सगळे आपल्या भाराने दहा मिनिटांत रिकामे होते, आतले नळ उघडण्याची गरज नसते, ट्रेलर कोणत्याही स्थितीत उभा असला तरी फरक पडत नाही, आणि थोडे पाणी मागे राहिलेच, तरी आजकालचे पाइप प्लास्टिकचे असल्यामुळे गोठूनही फुटत नाहीत. सल्ला लहान आहे, लक्षात ठेवायला सोपा आहे आणि त्यात सत्याचा अंशही आहे, म्हणूनच तो टिकून राहिला असावा. मात्र त्यातले प्रत्येक विधान वेगळे काढून तपासले, तर जवळजवळ एकही जसेच्या तसे उभे राहत नाही.

‘एक ड्रेन’ या पहिल्याच शब्दांपासून सुरुवात करू. ट्रेलरमधील स्वच्छ पाण्याची व्यवस्था हे एकच भांडे नसून एकमेकांना जोडलेले, पण मध्ये एकदिशा झडपा असलेले निरनिराळे कप्पे आहेत. पहिला कप्पा म्हणजे स्वच्छ पाण्याची टाकी, जी बहुतेक ट्रेलरमध्ये सुमारे 100 ते 200 लिटरची असते. दुसरा कप्पा पंपाच्या पुढच्या थंड पाण्याच्या पाइपांचा, तिसरा गरम पाण्याच्या पाइपांचा आणि चौथा गीझरचा. टाकीला स्वतःचा ड्रेन असतो. थंड आणि गरम पाइपांना त्यांच्या सर्वांत खालच्या बिंदूपाशी प्रत्येकी एक ड्रेन असतो, त्याला लो-पॉइंट ड्रेन म्हणतात. आणि गीझरला त्याच्या तळाशी स्वतंत्र बूच असते. सांडपाणी आणि मैलापाणी यांच्या टाक्या यात धरलेल्याच नाहीत; त्यांचा रस्ता पूर्णपणे निराळा आहे.

हे ड्रेन नेमके कुठे आहेत, हा प्रश्न सल्ला देणारे सहसा टाळतात, कारण त्याचे सर्व ट्रेलरना लागू पडेल असे उत्तर नाही. तरीही शोधण्याची रीत सांगता येते. ज्या ट्रेलरचे पोट उघडे असते, त्यांत जमिनीच्या बाजूला एकमेकांशेजारी लोंबणारी दोन बारीक पाइपांची टोके दिसतात. बऱ्याच उत्पादकांकडे त्यातील तांबडे गरम पाण्याचे आणि निळे थंड पाण्याचे असते, आणि त्यांवर आट्यांचे टोपण किंवा छोटा कॉक असतो. ज्या ट्रेलरचे पोट नालीदार प्लास्टिकच्या पत्र्याने झाकलेले असते, त्यांत ही टोके पत्र्याला पाडलेल्या भोकांतून जेमतेम बाहेर डोकावतात आणि चिखलाने माखली की ओळखूही येत नाहीत. काही ट्रेलरमध्ये कॉक आतच असतात : स्वयंपाकाच्या सिंकखालच्या कपाटात, पलंगाखाली, जेवणाच्या बाकाच्या पोकळीत किंवा पंपाशेजारच्या फळीमागे. अशा वेळी बाहेर नुसते पाइपाचे तोंड दिसते आणि माणूस खाली आडवा होऊन नसलेला कॉक शोधत बसतो. टाकीचा ड्रेन टाकीच्या अगदी खाली किंवा तिच्या बाजूच्या तळकडेला असतो. म्हणून आधी टाकी कुठे बसवली आहे ते पाहिले की निम्मा शोध संपतो.

ओळख पटवण्याचे दोन सोपे उपाय आहेत. गीझर चालू असताना आतला गरम नळ काही क्षण सोडावा आणि मग खालच्या पाइपांना हात लावावा. उत्पादकाने रंग पाळले नसले तरी कोमट होत जाणारा पाइप गरम बाजूचा, हे त्यावरून बहुधा कळते. टाकीचा ड्रेन ओळखायचा असेल तर पंप बंद ठेवून आणि बाहेरच्या नळाची होज काढून टोपण उघडावे. ज्या तोंडातून आतले नळ उघडल्याने किंवा बंद केल्याने न बदलणारी सलग धार दीर्घकाळ वाहते, ते टाकीचे. आणि ज्याची धार आतला नळ उघडताच वाढते आणि थोड्या वेळात संपते, ते पाइपांचे.

दुसरे विधान असे की लो-पॉइंट ड्रेन उघडले की टाकीही रिकामी होते. येथे पंपाची रचना विसरली गेली आहे. ट्रेलरमधील 12 व्होल्टचा पंप पडद्याचा असतो आणि त्याच्या आत पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपा असतात. टाकीतले पाणी पंप ओढत नसेल तर त्या झडपा उघडण्याइतका दाब टाकीच्या पाण्याच्या उंचीने सहसा निर्माण होत नाही, आणि पाइपांतले पाणी पंपातून उलट टाकीत येऊ शकत नाही. त्यामुळे टाकीचा ड्रेन उघडून पाइप रिकामे होत नाहीत आणि लो-पॉइंट ड्रेन उघडून टाकी रिकामी होईल यावर भिस्त ठेवता येत नाही. बाहेरच्या नळाची होज जिथे जोडतो त्या तोंडातही अशीच एक झडप असते. तिच्या मागचे वाटीभर पाणी लो-पॉइंटकडे जाण्याऐवजी तिथेच अडकू शकते, आणि हिवाळ्यात हेच तोंड आधी तडकल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. आतला दाब पूर्ण सोडल्यानंतर त्या तोंडाची जाळी काढून मधली खुंटी हलकेच दाबली की ते पाणी बाहेर येते. दाब असताना मात्र ती दाबू नये, झडपेचा भाग उडून येऊ शकतो.

गीझरविषयीचे विधान मात्र नुसते अपुरे नाही, ते धोक्याचेही आहे. ट्रेलरचा गीझर साधारणपणे 22 किंवा 38 लिटरचा असतो. थंड पाणी त्याच्या खालच्या भागात शिरते आणि गरम पाणी वरून निघते. गरम बाजूचा लो-पॉइंट उघडल्यावर वरच्या पाइपातले पाणी जाते, पण गीझरच्या टाकीतला साठा आपल्या जागी राहतो; थंड बाजूने तो उतरावा तर तिथे झडप किंवा बायपासचा, म्हणजे गीझर वगळून पाणी वळवणारा, कॉक आडवा येऊ शकतो. म्हणून बाहेरच्या बाजूचे गीझरचे दार उघडून तळाचे बूच काढणे हाच भरवशाचा मार्ग आहे. त्यापूर्वी गीझरची वीज आणि गॅस दोन्ही बंद करून पाणी पूर्ण निवेपर्यंत थांबावे, पंप बंद करावा, बाहेरची होज काढावी आणि आतला गरम नळ उघडून दाब सोडावा. हा क्रम मोडल्यास बूच काढणाऱ्याच्या अंगावर दाबाखालचे कढत पाणी येते. हा क्रम आपण किती वेळा गडबडीत उरकतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

बुचांच्या प्रकारातही चूक होते, म्हणून थोडे तपशिलात जातो. सबर्बन कंपनीच्या गीझरची टाकी पोलादी असून आतून काचेसारख्या मुलाम्याची असते, आणि तिच्या बुचालाच एक लांब अ‍ॅनोड रॉड जोडलेला असतो. टाकीऐवजी तो रॉड झिजावा यासाठीच तो असतो. म्हणून बूच काढलेच आहे तर तो पाहावा आणि तीन चतुर्थांश झिजला असल्यास बदलावा. अ‍ॅटवुडच्या गीझरची टाकी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिला साधे नायलॉनचे बूच असते. त्या जागी ‘अधिक टिकाऊ’ म्हणून धातूचे बूच किंवा अ‍ॅनोड रॉड बसवणे ही सुधारणा नव्हे. नायलॉन मुद्दाम निवडलेले आहे. पहिल्यासाठी 27 मिलिमीटरचा आणि दुसऱ्यासाठी 24 मिलिमीटरचा सॉकेट पाना सहसा बसतो. रॉड परत लावताना आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळावी. नायलॉनचे बूच मात्र हाताने नीट बसवून बेताने आवळावे, नाहीतर आटे कापले जातात. बूच काढल्यावरही टाकीच्या तळाशी थोडे पाणी उरते, कारण भोक अगदी तळाला नसते. एवढ्या पाण्याला गोठताना फुगायला वर मोकळी जागा असते, त्यामुळे त्याची चिंता नको. गीझरच्या वरच्या बाजूचा दाब-तापमान व्हॉल्व्ह हा निचऱ्याचा नळ नव्हे. तो 150 पीएसआय (दाबाचे एकक, पाउंड प्रति चौरस इंच) किंवा सुमारे 99 अंश सेल्सिअसला उघडून टाकी वाचवण्यासाठी आहे. टाकी उपसताना हवा आत यावी म्हणून तो उघडता येतो, पण दाब सोडल्यानंतरच. आणि गीझर रिकामा असताना विजेची कळ चालू राहिली, तर आतला एलिमेंट कोरडा तापून काही क्षणांत जळतो. म्हणून त्या कळीवर चिकटपट्टी लावून ठेवणे हा वेडगळ वाटणारा पण अत्यंत व्यवहार्य उपाय आहे.

‘आतले नळ उघडण्याची गरज नाही’ या विधानाचे खंडन करायला फार शब्द लागत नाहीत. सरबताच्या नळीचे वरचे टोक बोटाने दाबून ती पेल्यातून उचलली तर सरबत नळीतच अडकून राहते. बंद नळ त्या बोटाचेच काम करतो. वरून हवा आत शिरल्याशिवाय खालून पाणी पूर्ण उतरत नाही, आणि म्हणूनच अनेकांना दोन-चार धारा पडल्यावर ड्रेन थांबलेला दिसतो आणि पाइप रिकामे झाल्याचा भास होतो. स्वयंपाकघरातले आणि बेसिनचे नळ गरम-थंड दोन्ही बाजूंनी, शॉवर, शॉवरच्या हातात धरायच्या भागावरील पाणी थोपवणारी कळ, बाहेरच्या बाजूचा शॉवर आणि कमोडचा फ्लश असे सगळे उघडे असायला हवे. बाहेरचा शॉवर सर्वांत जास्त विसरला जातो. तो बंद दारामागे असतो आणि वर्षानुवर्षे वापरलाच जात नाही.

‘कोणत्याही स्थितीत उभा असला तरी चालतो’ हेही खरे नाही. टाकीचे भोक तिच्या एका बाजूला असते. ट्रेलर त्याच्या उलट दिशेला झुकला असेल तर काही लिटर पाणी विरुद्ध कोपऱ्यात साचून राहते. ट्रेलरच्या पुढच्या जॅकने नाक वर किंवा खाली करून, आणि गरज असेल तर एका चाकाखाली फळी देऊन, कल ड्रेनच्या बाजूला आणावा. वेळेचा अंदाज मात्र बांधू नये : 200 लिटरची भरलेली टाकी बोटाएवढ्या भोकातून उतरायला दहा मिनिटे अपुरी पडतात.

आता प्लास्टिकच्या पाइपांचे. ट्रेलरमध्ये वापरला जाणारा पेक्स नावाच्या लवचीक प्लास्टिकचा पाइप ताणला जातो आणि गोठलेल्या पाण्याने क्वचितच फुटतो, हे खरे आहे, आणि सल्ल्यातील हाच भाग लोकांना सर्वाधिक पटतो. पण पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते आणि ते फुगणे पाइपात संपत नाही. ते जोडांत, नळाच्या शरीरात, पंपाच्या डोक्यात, गाळणीच्या भांड्यात आणि कमोडच्या झडपेत पोहोचते, आणि हे भाग ताणले जात नाहीत. वसंतात पंप चालू केल्यावर पलंगाखाली साचणारे पाणी बहुधा याच जागांचे असते.

यातूनच हेही दिसते की सर्व ड्रेन उघडूनही काम पूर्ण होत नाही. पाइपांना जिथे खळगा पडतो, तिथे पाणी उरतेच. ते बाहेर ढकलायचे असेल तर गीझर बायपास करून, दाब नियंत्रित करणाऱ्या कॉम्प्रेसरने बाहेरच्या तोंडातून 30 ते 50 पीएसआय इतक्याच दाबाची हवा सोडावी आणि एकेक नळ उघडत जावे. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, पिण्याच्या पाइपांसाठीचे प्रोपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक द्रव पंपाने फिरवता येते. मोटारीच्या रेडिएटरचे एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. ते या पाइपांत कधीही घालू नये. सिंक, बेसिन आणि शॉवरच्या खालचे पी-ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारे वाकडे पाइप, मात्र कोणत्याही ड्रेनने रिकामे होत नाहीत, म्हणून प्रत्येकात पेलाभर प्रोपिलीन ग्लायकॉलचे हेच गोठणरोधक द्रव ओतावेच लागते.

सांडपाणी आणि मैलापाणी यांच्या टाक्या याच ड्रेनने उतरतात, असा समज सल्ल्याच्या काही आवृत्त्यांत जोडलेला आढळतो. तो साफ चुकीचा आहे. त्यांचा निचरा ओढायच्या दांड्यांच्या झडपांमधून, सुमारे 3 इंचांच्या वेगळ्या तोंडाने, ठरवून दिलेल्या डंप स्टेशनवर, म्हणजे अशा टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी, होज लावूनच करायचा असतो; आधी मैल्याची टाकी आणि मग सांडपाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने होज धुतली जाते. स्वच्छ पाण्याच्या ड्रेनमधले पाणी तसे जमिनीवर सोडता येते, पण तेही जेथे मनाई नाही तेथेच.

सल्ल्यातील खरा भाग नाकारण्याचे कारण नाही. जिथे पाणी गोठत नाही आणि ट्रेलर काही आठवडेच उभा राहणार आहे, तिथे टाकीचा ड्रेन आणि दोन्ही लो-पॉइंट उघडून, आतले नळ उघडे ठेवून पाणी सोडणे पुरेसे असते. त्या वेळी उद्देश पाणी शिळे होऊ न देण्याचा असतो. पुन्हा भरण्याआधी मात्र सर्व टोपणे लावली आहेत, गीझरचे बूच आवळले आहे आणि बायपास परत मूळ स्थितीत आहे, हे पाहावे. पंपासमोरची जाळी काढून धुवावी, कारण टाकीतून निघालेला गाळ तिथेच अडकतो. मग गरम नळातून हवेशिवाय सलग धार येऊ लागेपर्यंत, म्हणजे गीझर भरेपर्यंत, त्याची वीज किंवा गॅस चालू करू नये.