दिव्यांगांचे प्रशिक्षण कामाच्या जागेवरच सुरू व्हायला हवे

दिव्यांग तरुणांसाठी चालणाऱ्या प्रशिक्षण वर्गांत आजही बहुतेक ठिकाणी खडू, मेणबत्त्या, अगरबत्त्या, कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या सुमारास रंगवलेल्या पणत्या हेच शिकवले जाते. ही कामे हलकी आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही, पण ज्या वस्तूला वर्षातून एकदाच आणि तीही सहानुभूतीपोटी मागणी येते, तिच्यावर धडधाकट बुद्धीच्या पंचविशीतल्या माणसाचा संसार उभा राहत नाही. आयटीआयमध्ये अनेक वर्षे शिकवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की आपण या कामाचा क्रमच उलटा लावला आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी पाहून आपण मुलाला एखादे सोपे काम नेमून देतो, ते शिकवतो आणि मग नोकरी शोधायला बाहेर पडतो. त्याऐवजी तालुक्यात आणि जवळच्या एमआयडीसीत कोणत्या कामांना माणसे मिळत नाहीत ते आधी पाहावे, मालकाला सुरुवातीपासून बरोबर घ्यावे आणि प्रशिक्षण त्याच्याच जागेवर द्यावे.

माझा एक कर्णबधिर विद्यार्थी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका छोट्या कारखान्यात सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातूचे भाग घडवणारे यंत्र, चालवतो. त्याला कामावर घेताना मालकाला भीती होती ती अपघाताची. मशीनपुरता प्रश्न नव्हता, कारण सीएनसीवर लाल, पिवळा आणि हिरवा दिवा मुळातच असतो आणि काही अडले की तो पेटतो. खरी अडचण डोक्यावरून जाणाऱ्या क्रेनची होती, कारण तिचा इशारा फक्त घंटेने मिळत असे. मालकाने क्रेनला फिरता दिवा बसवला आणि पाठीमागून कोण येते आहे ते दिसावे म्हणून मशीनशेजारी एक गोल आरसा लावला. शिफ्ट बदलताना तोंडी द्यायच्या सूचना आता फळ्यावर लिहिल्या जातात. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेक मुलांची पहिली भाषा खुणांची असते आणि लांबलचक मराठी वाक्ये त्यांना जड जातात, त्यामुळे सुपरवायझर आता दोन-चार शब्द आणि आकडेच लिहितो. ड्रॉइंगवरची मापे वाचायला आणि तयार झालेला भाग मायक्रोमीटर या बारीक मापाच्या उपकरणाने तपासायला कान लागत नाहीत. त्या दिव्याचा उपयोग सगळ्यांनाच झाला, कारण मशिनांच्या आवाजात ती घंटा ऐकू येणाऱ्यांनाही नीट ऐकू येत नव्हती. हे सगळे वर्गात बसून कोणालाही सुचले नसते.

कायद्याने या विचाराला केव्हाच जागा करून दिली आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी आस्थापनांत 4 टक्के आरक्षण आहे, आणि कर्मचाऱ्याला काम करता यावे म्हणून वाजवी ते बदल करून देणे त्या आस्थापनांवर बंधनकारक आहे. खासगी क्षेत्राबाबत मात्र कायदा मवाळ आहे. एकूण मनुष्यबळात किमान 5 टक्के दिव्यांग असावेत यासाठी शासनाने मालकांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच तो म्हणतो. जर्मनीत 20 किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला 5 टक्क्यांची सक्ती आहे, ती न पाळल्यास त्याला रक्कम भरावी लागते, आणि त्या पैशातून इतर कारखान्यांत दिव्यांग कामगारांसाठी लागणाऱ्या सोयी उभ्या केल्या जातात. आपल्याकडे निदान मोठ्या कंपन्यांपासून तरी अशी व्यवस्था सुरू करावी, असे मला वाटते.

सरकारी नोकरीतही कायदा आपोआप पाळला जातो असे नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही पूर्ण अंधत्वाचे कारण देऊन त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत नाकारण्यात आले. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, भारतीय प्रशासकीय सेवा मिळवली आणि 2019 मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून कार्यभार स्वीकारला. केवळ अंध आहे म्हणून कोणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाला मार्च 2025 मध्ये स्पष्ट करावे लागले. एवढी जिद्द आणि एवढा वेळ प्रत्येकाजवळ असेल अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

अंध व्यक्तींसाठी एके काळी वेताच्या खुर्च्या विणणे आणि टेलिफोन ऑपरेटर ही ठरलेली कामे होती. खुर्च्या प्लास्टिकच्या झाल्या, टेलिफोन एक्स्चेंज स्वयंचलित झाले आणि ती कामे गेली. आज एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि ते सफाईने वापरणारी मुले बँकांत उत्तम काम करत आहेत. पण कार्यालयातील परिपत्रक स्कॅन करून नुसते चित्र म्हणून पाठवले तर ते सॉफ्टवेअर मुके होते. तीच फाइल युनिकोडमध्ये पाठवायला एक पैसाही लागत नाही, लागते ती फक्त सवय.

सर्वांत मागे राहिली आहेत ती बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता असलेली मुले. त्यांना पॅकिंग, स्वयंपाकघरातील पूर्वतयारी, रोपवाटिका अशी ठरावीक क्रमाने चालणारी कामे चांगली जमतात, मात्र पहिले काही महिने कामाच्या जागी त्यांच्याशेजारी उभे राहून एकेक पायरी पक्की करून घेणारे माणूस लागते. त्या माणसाचा पगार कोणी द्यायचा, या एका प्रश्नाशी बहुतेक प्रयत्न थांबतात.

त्यासाठी पैसा आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महानगरपालिकांनी आपल्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो मार्चअखेरीस थोडी थोडी रक्कम किंवा वस्तू वाटून संपवला जातो. ज्यांना ती मदत मिळते त्यांच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही, अनेकांना ती खरोखरच हवी असते. परंतु एका तालुक्यातील दहा-बारा ग्रामपंचायतींनी या निधीतला काही भाग एकत्र केला, तर काही अप्रेंटिस मुलांचे वर्षभराचे विद्यावेतन, त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च आणि असे एक शिकवणारे माणूस एवढे त्यातून निभावू शकते.

पेन्शनचा अडथळा मात्र गावाच्या पातळीवर सुटणारा नाही. मुलीला पॅकिंगचे काम मिळत असतानाही एका आईने ते नाकारले, कारण संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान कौटुंबिक उत्पन्नाच्या मर्यादेला बांधलेले आहे. नोकरी चार महिन्यांत सुटली तर अनुदानासाठी पुन्हा तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवावे लागतील, हा तिचा हिशेब होता आणि तो बिनचूक होता. नोकरी लागल्यानंतर निदान पहिली दोन वर्षे अनुदान चालू ठेवावे आणि नोकरी सुटल्यास नव्याने अर्ज मागू नये, एवढी तरतूद शासन निर्णयाने करता येईल. अधिवेशनापूर्वी आपापल्या आमदारांकडे ही मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी, अशी हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे.