किलोभर मक्यानं जुळी होत नसतात

रोहिणी निघाल्या की आमच्या अहमदपूर भागातल्या मेंढपाळांच्या व्हॉट्सॲपवर दर वर्षी एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो तिघांनी धाडला, त्यातला एक माझा सख्खा मेहुणा. मजकूर थोडक्यात असा : 'मेंढा सोडायच्या आधी 21 दिवस प्रत्येक मेंढीला रोज 1 किलो मका चारा, हमखास जुळी होतील. मेंढी जितकी धष्टपुष्ट, तितकी लवकर फळते. मेंढा सोडला की खुराक बंद करा आणि त्याच दिवशी जंताचं औषध पाजा. शंभर मेंढ्यांना एक तगडा मेंढा पुरतो.'

यातली एक गोष्ट खरी आहे, म्हणूनच बाकीचं खपतं. फळायच्या, म्हणजे गाभण राहायच्या, तोंडावर वाढीव खुराक दिला तर माजाच्या वेळी एकाऐवजी दोन बीजं सुटायची शक्यता वाढते. शक्यता, हमी नाही.

आधी 'हमखास जुळी'. आपल्याकडं दारात उस्मानाबादी शेळी असते, ती जुळी देते, मग मेंढीनं काय पाप केलंय असं वाटतं. पण आपली दख्खनी मेंढी वेताला बहुतेक एकच कोकरू देते, ते तिच्या रक्तातच आहे. फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचं जुळ्यांचं जनुक दख्खनीत आणलं आणि त्यातून 'नारी सुवर्णा' तयार केली. त्याला कित्येक पिढ्यांची पैदास लागली. मक्यानं भागलं असतं तर एवढा खटाटोप कुणी कशाला केला असता? आणि खरं सांगू, पाणी-चाऱ्याची ओढ असलेल्या साली दोन्ही कोकरांना पुरेल एवढं दूध आईला येत नाही. मला तर एकच धडधाकट कोकरू बरं वाटतं.

आता तो किलोभर मका. याचा अनुभव मी घरचाच घेतलाय. एका साली मीही असंच कुठंतरी वाचून गव्हाणीत पहिल्याच दिवशी पोतं रिकामं केलं. मेंढ्या तुटून पडल्या. सकाळी वाघरीत, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या जाळीत, चार मेंढ्या पोट फुगवून, दात खात बसलेल्या. लेंड्या नाहीत, आंबूस वासाची पातळ हगवण. डॉक्टर येईपर्यंत दोन गेल्या. वाळक्या काडीवर जगणाऱ्या मेंढीच्या पोटात अचानक धान्य पडलं की तिथं आम्ल माजतं, ते असं. खुराक 50 ग्रॅमपासून धरायचा आणि आठ-दहा दिवसांत 250 ते 300 ग्रॅमवर न्यायचा. मक्याचा भरडा, थोडी शेंगदाणा पेंड, झालं. हिशेबही करून बघा : शंभर मेंढ्यांना 21 दिवस रोज किलोभर म्हणजे 21 क्विंटल. पाव किलोनं सव्वापाच क्विंटल.

तेही सगळ्यांना द्यायचं नाही. 'धष्टपुष्ट तितकी चांगली' हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण वाढीव खुराकाचा फायदा होतो तो अशक्त आणि मध्यम मेंढीला. आधीच अंगावर चरबी असलेलीला घातलेला मका वाया जातो, आणि अति चरबी चढलेली मेंढी उलट फळायलाच त्रास देते. पण कुठली कशी हे डोळ्यांनी कळत नाही, लोकर फसवते. माझा आजा अंधारात हातानं सांगायचा. शेवटच्या बरगडीच्या मागं, कमरेवर पंजा ठेवायचा आणि बोटं दाबायची. मूठ वळल्यावर बोटांची पेरं जशी टोचतात तसे मणके लागले तर ती मेंढी अशक्त. हाड शोधावंच लागलं, तर तिला खुराकाची गरज नाही. दोन्हींच्या मधली, मणका लागतो पण टोचत नाही, ती फळायला तयार. माझ्याकडं यंदा शंभरातल्या चाळीसच मेंढ्या खुराकाच्या निघाल्या.

'मेंढा सोडला की खुराक बंद' हे तर उलटंच. गर्भ नीट रुजेपर्यंतचे दोन-तीन आठवडे नाजूक असतात. त्यात पोट मारलं, लांबचा तळ गाठला, लोकर कातरली की फळलेली मेंढी परत माजावर येते आणि आपण दोष नशिबाला देतो.

जंताच्या औषधाबद्दल एकच : अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नये, कोकरात व्यंग येऊ शकतं. पाजायचंच तर मेंढा सोडायच्या दोन-तीन आठवडे आधी, आणि कुठलं ते पशुवैद्यकाला विचारून.

राहिला मेंढा. मेसेजमध्ये त्याच्या वाट्याला एक ओळ आलीय आणि तीही चुकीची. पंचवीस-तीस मेंढ्यांमागं एक मेंढा लागतो. शिवाय त्याचं बीज तयार होऊन पक्व व्हायला दोन महिने लागतात. म्हणजे मृगात जे बीज कामी येणार, त्याची सुरुवात एप्रिलमध्ये झालेली असते, आपल्याकडं ऊन चाळिशी ओलांडत असतं तेव्हा. त्या दिवसांत मेंढ्याला दुपारभर लिंबाखाली सावली, भरपूर पाणी आणि थोडा खुराक मिळाला नाही, तर मेंढ्यांना काजू-बदाम चारले तरी उपयोग नाही. सोडण्याआधी त्याचे वृषण हातात घेऊन बघा : दोन्ही सारखे, घट्ट, गाठ नसलेले हवेत. खूर वाढलेले असतील तर तासा, लंगडा मेंढा चढत नाही.

आणि एक बिनखर्चाचं. सोडताना मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावा, दोन-तीन दिवसांनी परत लावत राहा. ज्या मेंढीवर तो चढेल तिच्या पाठीवर लाल डाग पडेल. न फळलेली मेंढी साधारण 17 दिवसांनी परत माजावर येते, म्हणून सतराव्या दिवशी गेरू पुसून नीळ लावा. निळे डाग मोजके दिसले तर बेत जमला. निम्म्या पाठी निळ्या झाल्या तर मक्याचं पोतं बाजूला ठेवा आणि मेंढा बदला.