'घरात म्हातारं माणूस नाही' असं मला सुनावणाऱ्या वाचकास

नमस्कार. उतारवयात लक्ष का ढळतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमच्या तीन तक्रारी: स्ट्रूप चाचणीचं ('लाल' हा शब्द निळ्या शाईत छापून शाईचा रंग विचारायचा, अशी लक्षाची परीक्षा) साल चुकलंय, वयानं फक्त वेग कमी होतो, लक्षाला काही होत नाही, आणि 'ज्याच्या घरात म्हातारं माणूस नाही त्यानं शहाणपण शिकवू नये.'

साल चुकलं, कबूल. 1935 च्या जागी 1953 पडलं होतं. दुरुस्त केलंय.

पण ते तिसरं वाक्य! तुम्ही मला ओळखता का? माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर 40 वर्षं दिवाणजी होते. सौद्याचा गलका, हमालांची ये-जा, त्यात दादांची पेन्सिल आकड्यांवरून सरसर खाली यायची. बेरीज चुकल्याचं मला आठवत नाही. शहात्तराव्या वर्षी तेच दादा दुधाचा हिशेब करायला बसले आणि कुकरची शिट्टी झाली, की बोट जागीच थांबायचं. मग पुन्हा पहिल्या तारखेपासून सुरुवात. दार लावून घेतलं की तीच बेरीज बिनचूक. गणित शाबूत होतं, शिट्टी बाजूला सारणं जमत नव्हतं. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी 1988 साली हेच मांडलं: वयाबरोबर नको ते अडवून धरण्याची ताकद कमी होते.

सांगलीच्या आयर्विन पुलावर फिरताना दादा बोलायला लागले की उभे राहायचे. मी हात धरून ओढायचो, "चला की, चालता चालता बोला." स्वीडनमधली 1997 ची पाहणी मी फार उशिरा वाचली. बोलण्यासाठी चालणं थांबवणारे वृद्ध पुढच्या 6 महिन्यांत जास्त पडले होते. दादा तोल सांभाळत होते आणि मी त्यांना ओढत होतो. तो लेख त्यासाठी लिहिला, शहाणपण शिकवायला नाही.

वेगाचं म्हणाल तर वयानं मेंदूच्या कामाचा वेग मंदावतो आणि त्यामुळे बाकीचं ढळतं, हा मानसशास्त्रज्ञ सॉल्टहाउस यांचा 1996 चा सिद्धांत मलाही ठाऊक आहे. त्यावर पुन्हा केव्हातरी. तुमच्या आई 81 व्या वर्षी रोज शब्दकोडं सोडवतात, आनंद वाटला. शब्दसंपत्ती उतारवयातही बरीच टिकते, हे माझ्या लेखातच आहे. शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

चुका जरूर काढा. पण दादांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. माझ्या घरात म्हातारं माणूस नाही, हे तुमचं खरं आहे. का नाही, एवढं तरी आधी विचारायचं होतंत.