‘पुण्यात उतरा आणि सगळ्या तपासण्या उरका’ या मेसेजला माझं उत्तर

नोव्हेंबर लागला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला माहेरच्या ग्रुपवर आला, सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि शाळेच्या मैत्रिणींनीही पाठवला. मथळा ‘परदेशातल्या आपल्या माणसांसाठी अत्यंत महत्त्वाचे’. सार असं: तिकडे डॉक्टर लवकर भेटत नाहीत आणि तपासण्या लिहून देत नाहीत, म्हणून सुट्टीवर पुण्यात आलात की पहिल्याच दिवशी ८०-९० तपासण्यांचं फुल बॉडी पॅकेज करून टाका. त्यात कॅन्सर मार्कर, म्हणजे रक्तातून कॅन्सरचा अंदाज घेणाऱ्या तपासण्या, घ्याच. आधी १६ तास पाणीसुद्धा पिऊ नका. रिपोर्ट जगात कुठेही चालतो. जाताना अँटिबायोटिक आणि व्हिटॅमिन डीची पाकिटं घेऊन जा. लसीबिशीची गरज नाही, आपलं शरीर इथल्या पाण्यावर वाढलंय.

मी पुण्यात २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, रक्त काढते आणि मशिनवर सँपल लावते. डिसेंबरात माझी निम्मी सकाळ कोथरूड, औंध, बाणेरच्या घरांमध्ये जाते, कारण मुलं-सुना-नातवंडं आलेली असतात. पाठवणाऱ्या काका-मावशींचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही. पण या मेसेजपायी लोकांची सुट्टी कशी नासते आणि कधी कधी खरं दुखणं कसं निसटतं, हे मी पाहिलंय.

सुरुवात ‘पहिल्याच दिवशी’पासून करते. माझी एक वहिनी न्यू जर्सीला असते. रात्री मुंबईला उतरली, एक्स्प्रेसवेने पहाटे पुण्यात आली आणि साडेसात वाजता दारात रक्त काढायला माणूस हजर. आमच्या लॅबचा नव्हता, पॅकेज दुसरीकडचं होतं. संध्याकाळी रिपोर्ट आला: टीएसएच, म्हणजे थायरॉईडला हुकूम देणारं हार्मोन, जवळजवळ शून्य, आणि टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन, वाढलेलं. म्हणजे थायरॉईड जोरात. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. कुणीतरी ओळखीच्यांना फोनवर विचारून गोळ्यांचं नावही लिहून घेतलं. मी गेले तेव्हा तिची नाडी शांत होती, हात थरथरत नव्हते, वजन उतरलेलं नव्हतं. मी तिला एवढंच विचारलं, ‘वहिनी, केसांसाठी काही घेतेस का?’ तिने पर्समधून गमीजची बाटली काढली. बायोटिन, रोज १० मिलिग्रॅम.

बायोटिन म्हणजे एक बी व्हिटॅमिनच, पण अनेक मशिनची थायरॉईड मोजायची पद्धत बायोटिनच्याच जोडणीवर चालते. रक्तात ते जास्त झालं की टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं वाढलेलं. ट्रोपोनिन ही हार्ट अटॅकची तपासणीसुद्धा त्याने चुकू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने, एफडीएने, २०१७ मध्येच याबद्दल जाहीर इशारा दिला होता. वहिनीने गमीज बंद केल्या, पाच दिवसांनी मी पुन्हा रक्त काढलं आणि आकडे नॉर्मल आले. त्या गोळ्या तिने सुरू केल्या असत्या तर? म्हणून रक्त काढणाऱ्याला तुम्ही काय काय घेता ते सगळं सांगा, ‘ते काही औषध नाही’ असं वाटणारंही. केस-नखांच्या गोळ्या निदान दोन दिवस आधी थांबवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा.

विमानाचाही परिणाम असतो. टीएसएच आणि कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) यांना दिवस-रात्रीचा ठोका आहे. कॉर्टिसॉल सकाळी ८ च्या सुमाराला बघतात, पण न्यू जर्सीहून आलेल्याचं शरीर तेव्हा रात्र मोजत असतं. लांबच्या प्रवासात पाणी कमी प्यायलं जातं, रक्त दाट होतं, युरिया थोडा वर दिसतो. चार-पाच दिवस थांबल्याने काहीही बिघडत नाही.

१६ तास उपाशी राहण्याचं वाचून मला रागच येतो. साखरेसाठी ८ तास पुरतात, लिपिडसाठी, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या चरबीसाठी, सांगितलंच असेल तर १० ते १२. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१६ पासून कोलेस्टेरॉलसाठी उपाशी राहण्याची अटही बहुतेकांना सैल केली आहे. ट्रायग्लिसराइड फार वाढलेली निघाली तर पुन्हा उपाशीपोटी बघतात. एचबीएवनसीला तर उपाशी राहायचंच नसतं, ती साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगते. फार वेळ उपाशी राहिल्याने उलट गोंधळ होतो. काही लोकांमध्ये गिल्बर्ट नावाचा जन्मजात, निरुपद्रवी प्रकार असतो. त्यांचं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, उपाशी राहिल्याने वाढतं आणि घरात काविळीची धास्ती पसरते. आणि पाणी प्या हो. पाणी न प्यायलेल्या माणसाची शीर सापडत नाही. पट्टा आवळून, मूठ उघडझाप करायला लावून ओढूनताणून काढलेल्या रक्तात पेशी फुटल्या, की पोटॅशियम खोटं वाढतं.

रक्त घरी येऊन नेणार असतील तर एक गोष्ट डोळ्यांनी बघा. साखरेचं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. त्यात फ्लोराईड असतं, ते पेशींना साखर खाऊ देत नाही. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच राहिलं तर साखर तासाला ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. सकाळी साडेसहाला बाणेरला घेतलेली ट्यूब आणखी सहा घरं करून साडेदहाला लॅबमध्ये पोचली, तर डायबेटिसच्या उंबऱ्यावरचा माणूस कागदावर निरोगी ठरतो. ट्यूबवर तुमचं नाव आणि वेळ तुमच्यासमोर लिहायला सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही. लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का हेही विचारा. ती ऐच्छिक असते आणि ठरावीक तपासण्यांपुरती असते, म्हणून तुमची तपासणी त्यात येते का असं विचारा.

आता ‘जितक्या जास्त तितक्या चांगल्या’ या मुद्द्याकडे येते. रिपोर्टवरची नॉर्मल रेंज बहुधा अशी ठरवतात की १०० निरोगी माणसांतली ९५ तिच्यात बसावीत. म्हणजे पाच निरोगी माणसं प्रत्येक तपासणीत बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या तर १०० निरोगी माणसांपैकी साधारण ६४ जणांच्या रिपोर्टात निदान एक आकडा ठळक अक्षरांत येतो. ८० केल्या तर जवळजवळ सगळ्यांच्याच. मग त्या ठळक आकड्याच्या मागे धावणं सुरू होतं.

त्यात कॅन्सर मार्कर सगळ्यात वाईट. गेल्या डिसेंबरात मी एका चाळिशीच्या बाईंचं रक्त काढलं. कॅनडाहून आलेल्या, सोबत दोन लहान मुलं. पॅकेजमध्ये सीए-१२५ हा मार्कर होता. मर्यादा ३५ ची, त्यांचं ५८ आलं. त्यांना वाटलं, ओव्हरीचा कॅन्सर. एमआरआय झाला, तिकीट पुढे ढकललं, मुलांची शाळा बुडाली. निघाल्या साध्या गाठी, फायब्रॉईड. आणि रक्त काढलं तो पाळीचा तिसरा दिवस होता. मी ते विचारलंच नव्हतं, आणि मला ते अजून टोचतं. सीए-१२५ पाळीत वाढतं, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजारात) वाढतं, गाठींमुळे वाढतं. दुसरे मार्करही तसेच: सीईए सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये जास्त असतं, सीए १९-९ पित्तखड्यांनी नळी अडली तरी चढतं. ही साधनं आहेत, पण बहुतेक करून निदान झालेल्या रुग्णाचा उपचार लागू पडतोय का हे बघायची. काही त्रास नसलेल्या बाईमध्ये कॅन्सर शोधायला सीए-१२५ सरसकट कुणी सुचवत नाही. उलट, तो नॉर्मल आला म्हणून कॅन्सर नाही असंही होत नाही, आणि हा खोटा दिलासा मला जास्त धोक्याचा वाटतो. पूर्ण अंगाचा सीटी स्कॅनही काही पॅकेजांत आता दिसतो. नुसत्या पोटाच्या एका सीटीचं रेडिएशन छातीच्या एक्स-रेच्या शंभरपटीच्या घरात जातं. कारण असेल तर जरूर करा, सहज म्हणून करू नका.

तिकडे कुणी तपासण्या लिहून देत नाही, हेही अर्धंच खरं. इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्यांना दर पाच वर्षांनी मोफत हेल्थ चेक मिळतो, आणि ५० ते ७४ वयाच्यांना आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरची तपासणी ४५ पासून आणि स्तनांच्या कॅन्सरसाठी मॅमोग्राम ४० पासून सुचवतात. माझ्यासमोर बसलेले किती तरी लोक ते किट ड्रॉवरमध्ये ठेवून इथे मार्कर करायला आलेले असतात! ज्या तपासण्यांनी जीव वाचतो हे सिद्ध झालंय त्या तिकडे कराव्यात, कारण काही निघालं तर पुढचं सगळं तिकडेच चालणार आहे. इथे बायोप्सी करायची आणि रिपोर्ट यायच्या आधी विमानात बसायचं, हे मी अनेकदा पाहिलंय. तो रिपोर्ट मग मेव्हण्याच्या मेलमध्ये पडून राहतो.

तिकडच्या डॉक्टरांकडून कधी कधी सुटतं ते वेगळंच, आणि ते हक्काने मागा. आपल्या लोकांना डायबेटिस कमी वजनातही होतो. अमेरिकेतल्या डायबेटिस संघटनेने आशियाई वंशाच्यांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासूनच तपासणी सुचवली आहे, इतरांना २५ पासून. लायपोप्रोटीन-ए हा कोलेस्टेरॉल वाहणारा एक आनुवंशिक घटक, त्याची तपासणी आयुष्यात एकदाच करायची असते. घरात कमी वयात हार्ट अटॅक आले असतील तर ती जरूर विचारा. आणि हिमोग्लोबिन जरा कमी, पेशी लहान, म्हणून वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खात असाल तर एकदा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा जन्मजात सौम्य दोष, तपासा. त्यात गोळ्यांचा उपयोग नाही, पण लग्न ठरवताना नि मूल होण्याआधी ते माहीत असावं लागतं.

रिपोर्ट कुठेही चालतो? व्हिसाच्या मेडिकलला चालत नाही. त्यासाठी त्या त्या देशाने नेमलेले डॉक्टर आणि केंद्रंच लागतात. डॉक्टरांना दाखवायला चालतो, पण एकक बघा. इथली १२६ साखर म्हणजे ब्रिटन-कॅनडातली ७.०. भागिले १८. इथलं ६.५ एचबीएवनसी ब्रिटनमध्ये ४८ लिहितात. व्हिटॅमिन डी इथे २० असेल तर तिथे ५०. आमच्या ओळखीच्या एकांनी लंडनचं ५२ आणि पुण्याचं २१ शेजारी ठेवून धसका घेतला होता. दोन्ही एकच होतं. डी वरून सांगते, ते ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असतं. काही जण ते रोज घेतात. रक्तातलं कॅल्शियम चढून किडनीवर बेततं.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात काळजीचा वाटतो: आपलं शरीर इथलंच आहे, लशी नकोत. ती ताकद कायमची नसते. मलेरियाविरुद्धचं अर्धवट संरक्षण बाहेर काही वर्षं राहिलं की ओसरतं. तिकडे जन्मलेल्या नातवंडांकडे ते मुळातच नसतं. त्यांनी टायफॉईड आणि हिपॅटायटिस ए च्या लशी निघण्याच्या काही आठवडे आधी घेतलेल्या बऱ्या. डेंगी आधी होऊन गेला असेल तर दुसऱ्या प्रकारच्या विषाणूने तो जास्त गंभीर होऊ शकतो, म्हणजे ‘मला होऊन गेलाय’ हे संरक्षण नाहीच. २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात झिकाचे रुग्ण सापडले. गरोदर मुलगी माहेरी येणार असेल तर तिने आधी तिकडच्या डॉक्टरांशी बोलावं. आणि जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलेन बॅरीचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराचे) रुग्ण एकापाठोपाठ एक निघाले, संशय पाण्यावर होता. ते तर इथेच राहणारे लोक होते. पाणी उकळून प्या, नातेवाइकांना वाईट वाटलं तरी.

अँटिबायोटिक सोबत नेऊन तापात स्वतःच सुरू करणं बंद करा. टायफॉईड पकडायचा तर पहिल्या गोळीच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, हवी. टायफॉईडच्या नुसत्या विडाल टेस्टवर विसंबू नका. परत गेल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: मी भारतात जाऊन आलो. एक प्रकारचा मलेरिया महिन्यांनंतरही उलटतो आणि तिकडच्या डॉक्टरला तो आपसूक आठवत नाही.

माझा आतेभाऊ २१ डिसेंबरला लेस्टरहून येतोय. त्यानेही मला तोच मेसेज पाठवला होता. त्याला म्हटलं, दादा, तिकडचे मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट मोबाईलमध्ये घेऊन ये, ते शौचाच्या तपासणीचं किट भरून पोस्टात टाक, मग निघ. मामांना पन्नाशीच्या आत अटॅक आला होता, तेव्हा लायपोप्रोटीन-ए आणि एचबीएवनसी एवढंच करू. २६ ला सकाळी मीच येते. पाणी पिऊन बस.